दोन नेटा, तरी पानं भाजली

प्रश्न : टेरेसवर ८ बाय १० चं छोटं ग्रीनहाऊस केलंय, छताला ७५ टक्क्यांची हिरवी शेडनेट. एप्रिलमध्ये ऊन फार वाटलं म्हणून तसलीच दुसरी वर टाकली, ती अजून तशीच आहे. डेंड्रोबियम ऑर्किडची पानं हिरवीगार पण फूल म्हणून नाही, आणि पश्चिमेच्या कडेला ठेवलेल्या फॅलेनॉप्सिस या दुसऱ्या ऑर्किडच्या पानांवर मे महिन्यात पांढरे डाग पडले. ऊन कमी पडतंय का जास्त?
– एक वाचक, पुणे

उत्तर : अहो, दोन्ही! ७५ ची नेट म्हणजे पाव ऊन आत येतं, त्यावर तसलीच दुसरी टाकली की त्या पावाचाही पावच उरतो. भर दुपारी बाहेर लाखभर लक्स (उजेड मोजायचं माप) असतात तेव्हा तुमच्याकडे आत जेमतेम ६ हजार, आणि आता पावसाळी ढगात तर विचारूच नका. फॅलेनॉप्सिसचं १०-१५ हजारांत भागतं पण डेंड्रोबियमला २०-३० हजार तरी पाहिजेत. आणि ती हिरवीगार पानं बघून खूश होऊ नका, ऑर्किडचं पान गडद हिरवं म्हणजे उजेड कमी, जरा पोपटी दिसलं की बरोबर, लालसर झाक आली की आता बास.

दुसरी नेट काढा, पण ढगाळ दिवस बघून, नाहीतर सावलीला सोकावलेली पानं एकदम उन्हात भाजतात.

आता डाग. चार वाजताचं ऊन तिरपं येतं, त्याला छताशी काय देणंघेणं, ते कडेनं थेट आत. डाग कोरडा, कागदासारखा आणि जागच्या जागी असेल तर पान भाजलंय, ते कापू नका, उरलेला हिरवा भाग झाडाच्या कामाचा असतो. ओलसर, पसरत चाललेला, वास मारणारा असेल तर मात्र ती सड, तेवढा भाग लगेच छाटा नि पानांवर पाणी मारणं बंद करा.

छतावरून काढलेली नेट पश्चिमेला पडद्यासारखी उभी बांधा, डेंड्रोबियम वर टांगा, फॅलेनॉप्सिस खाली आतल्या बाजूला. मोबाईलचं लक्स मीटर ॲप काही बिनचूक नसतं, पण दोन कोपऱ्यांतला फरक कळायला पुरतं, फोन पानाच्या उंचीवर स्क्रीन वर करून धरायचा. उन्हाळ्यात दुसरी नेट लागलीच तर ५० ची घ्या, कड्यांवर सरकणारी, आणि फक्त फॅलेनॉप्सिसवर.

आणि हो, फुलं नाहीत म्हणून वैतागून डेंड्रोबियमच्या पानं गळलेल्या जुन्या काठ्या छाटत बसू नका, त्यांच्यावरही फुलांचे दांडे येतात.