अमेरिकेतल्या महिला कॉलेज बास्केटबॉलमध्ये कॉन्फरन्सची, म्हणजे आपसात साखळी सामने खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाची, ताकद खरी असते की नुसता बोलबाला? ती मोजायची कशी?

ताकद खरी असते, पण ती जिथे बघायला हवी तिथे लोक बघत नाहीत. तुमचा मुद्दा असा आहे की २०२५च्या एनसीएए स्पर्धेत (मार्च-एप्रिलमधली राष्ट्रीय विजेतेपदाची बाद स्पर्धा) बिग टेन या कॉन्फरन्सचे विक्रमी १२ संघ घेतले, त्यातले तीनच शेवटच्या सोळात पोहोचले, आणि विजेतेपद मात्र बिग ईस्टसारख्या हलक्या कॉन्फरन्समधून आलेल्या यूकॉननं (कनेक्टिकट विद्यापीठ) नेलं. मग कॉन्फरन्सच्या ताकदीला अर्थ काय? हे आकडे बरोबर आहेत, पण त्यांवरून काढलेला निष्कर्ष चुकतो. मार्चमधले निकाल हा या हिशोबाचा शेवटचा आणि सगळ्यात कच्चा भाग असतो. कॉन्फरन्सांमधला फरक नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच ठरून गेलेला असतो.

आधी रचना समजून घ्या. डिव्हिजन वनमध्ये साडेतीनशेहून जास्त संघ आहेत आणि ते कॉन्फरन्सांमध्ये वाटलेले आहेत. २०२५च्या स्पर्धेत ३१ कॉन्फरन्सांच्या विजेत्यांना थेट प्रवेश होता आणि उरलेल्या ३७ जागा निवड समितीनं भरल्या, म्हणजे एकूण ६८ संघ. आपल्या रणजीत प्लेट गटातून वर चढायची सोय असते, तशी इथे नाही. कोणत्या कॉन्फरन्समध्ये राहायचं हे विद्यापीठं ठरवतात, आणि ते ठरतं मुख्यतः अमेरिकन फुटबॉलच्या टीव्ही करारांवर. महिला बास्केटबॉलला त्या निर्णयात फारसं कुणी विचारत नाही.

आता १२ पैकी ३ हे प्रकरण. किती संघ गेले आणि किती उरले ही तुलनाच चुकीची आहे, कारण समितीनं सगळ्यांना सारखं मानांकन दिलेलं नसतं. स्पर्धेचे चार विभाग असतात आणि प्रत्येकात पहिल्यापासून सोळाव्यापर्यंत मानांकनं, म्हणजे पहिलं मानांकन चार संघांना मिळतं. नवव्या-दहाव्या मानांकनाच्या संघानं पहिल्या दोन फेऱ्यांत हरणं हे अपेक्षितच असतं. म्हणून त्या कॉन्फरन्सचे किती संघ पहिल्या चार मानांकनांत होते हे आधी मोजायचं. शेवटच्या सोळात तितके अपेक्षित. २०२५मध्ये बिग टेनचे असे चार होते: यूसीएलए आणि यूएससी पहिल्या, ओहायो स्टेट आणि मेरीलँड चौथ्या मानांकनावर. पोहोचले तीन. बाकीच्या कॉन्फरन्सांत एसईसीचे पाच अपेक्षित होते, पोहोचले सहा. एसीसी चारपैकी चार, बिग ट्वेल्व्ह दोनपैकी दोन, बिग ईस्ट एकापैकी एक. म्हणजे बिग टेनचा सगळा तोटा एका संघाचा, आणि तोही ओहायो स्टेटला तिच्याच मैदानावर टेनेसीनं हरवलं म्हणून. एका सामन्यावरून अख्ख्या कॉन्फरन्सला फुगवलेली म्हणणं न्याय्य नाही.

खरी मेख वेळापत्रकात आहे. जानेवारी लागला की कॉन्फरन्स बहुतांशी आपसातच खेळते, आणि आपसात खेळताना बेरीज शून्य असते. बिग टेनमध्ये १८ संघ, प्रत्येकाचे कॉन्फरन्समधले १८ सामने, म्हणजे एकूण १६२ सामने. त्यातून १६२ विजय आणि १६२ पराभवच निघणार, मग ती कॉन्फरन्स जगातली सर्वोत्तम असो की सर्वात वाईट. या १६२ सामन्यांतून तुम्हाला आतली क्रमवारी कळते, बाहेरच्यांशी तुलना कळत नाही. ती कळते फक्त बाहेरच्या संघांशी झालेल्या सामन्यांतून, आणि ते बहुतेक नाताळापर्यंत संपलेले असतात. डिसेंबरअखेर जी पुंजी जमली, ती मग उरलेला हंगामभर सदस्य संघांमध्ये फिरत राहते. नोव्हेंबरमध्ये सगळ्यांनी मिळून चांगली कामगिरी केली असेल, तर फेब्रुवारीत मधल्या संघाकडून झालेला पराभवही फारसा डागाळत नाही. उलट नोव्हेंबर वाया गेला असेल, तर पुढे ओळीनं १५ सामने जिंकूनही वर सरकता येत नाही.

समितीसमोर जी क्रमवारी असते तिला 'नेट' म्हणतात; महिलांसाठी ती २०२०-२१च्या हंगामापासून आली, त्याआधी आरपीआय नावाची जुनी क्रमवारी होती. नेटमध्ये कोण जिंकलं, कुठे जिंकलं, समोर कोण होतं हे येतं, आणि त्याबरोबर १०० पझेशनमागे (पझेशन म्हणजे चेंडू ताब्यात असण्याची एक पाळी) गुणांचा फरक येतो. पझेशनचा हिशोब कागदावर करता येतो: बास्केटचे प्रयत्न, वजा आक्रमणातले रिबाउंड (हुकलेला आपलाच चेंडू परत मिळवणं), अधिक टर्नओव्हर (प्रयत्न न करताच चेंडू गमावणं), अधिक फ्री थ्रोच्या ०.४७५ पट. समजा ६२ प्रयत्न, १० रिबाउंड, १४ टर्नओव्हर, २० फ्री थ्रो; तर ६२ − १० + १४ + ९.५ = ७५.५. दोन्ही संघांची पझेशन जवळपास सारखीच धरली आणि सामना ७६-६० सुटला, तर १०० पझेशनमागे फरक साधारण २१ गुणांचा. नवख्या लोकांची चूक होते ती पुढे. हा आकडा कच्चा आहे. तो दुबळ्या संघाविरुद्ध घरच्या मैदानावर आला असेल, तर समोरच्याच्या दर्जाप्रमाणे त्यात कपात होते. दुबळ्यांना ४०-४० गुणांनी झोडून आकडा सुजवता येतो, हे जे बोललं जातं ते अर्धंच खरं आहे.

क्वाड्रंट, म्हणजे सामन्यांची अवघडपणानुसार चार गटांत वर्गवारी, हा दुसरा भाग. महिलांमध्ये पहिल्या क्वाड्रंटचा सामना म्हणजे घरी नेटमधल्या पहिल्या २५मधला, तटस्थ मैदानावर पहिल्या ३५मधला किंवा परक्या मैदानावर पहिल्या ४५मधला प्रतिस्पर्धी. पुरुषांमध्ये या मर्यादा ३०, ५० आणि ७५ आहेत. महिलांची वर्गवारी इतकी आवळलेली का? कारण वरच्या संघांतली आणि मधल्या संघांतली दरी महिलांमध्ये जास्त खोल आहे. साठाव्या क्रमांकाच्या संघाला त्याच्या घरी हरवणं हे तिथे तितकं अवघड मानलं जात नाही. याचा परिणाम छोट्या कॉन्फरन्सांना भोगावा लागतो. एसईसीमधल्या मधल्या संघाला जानेवारी-फेब्रुवारीत जवळपास दर आठवड्याला पहिल्या क्वाड्रंटची संधी येते, तो त्यातले चार जिंकून आठ हरला तरी चर्चेत राहतो. समिट लीगमधल्या साउथ डकोटा स्टेटला जानेवारीनंतर अशी संधी मिळतच नाही. तिला जे करायचं ते आधी, आणि बहुतेक वेळा परक्या मैदानावर करावं लागतं, कारण मोठे संघ छोट्यांच्या गावी खेळायला सहसा जात नाहीत. मोठ्या संघांना तिथे जिंकलं तर थोडं मिळतं, हरलं तर बरंच जातं. त्यांच्या बाजूनं हा हिशोब बरोबर आहे, पण खेळासाठी तो वाईट आहे.

यजमानपदाचं वजन तर मला सगळ्यात जास्त वाटतं. पुरुषांच्या स्पर्धेत पहिल्या फेरीपासून तटस्थ मैदान असतं. महिलांमध्ये पहिल्या १६ मानांकित संघांना पहिल्या दोन फेऱ्या आपल्याच कॅम्पसवर खेळायला मिळतात. २०२५मध्ये हे सोळाच्या सोळा यजमान एसईसी, बिग टेन, एसीसी आणि बिग ट्वेल्व्ह या चार मोठ्या कॉन्फरन्समधले किंवा यूकॉन होते, आणि त्यातले १३ शेवटच्या सोळात गेले. या सोयीमागचं कारण प्रामाणिक आहे: घरचं मैदान असलं की स्टेडियम भरतं, तटस्थ ठिकाणी पूर्वी खुर्च्या रिकाम्या राहायच्या. पण किंमत छोटे संघ मोजतात. तरी कुलूप अगदीच पक्कं नाही. १९९८मध्ये सोळाव्या मानांकनाच्या हार्वर्डनं पहिल्या मानांकनाच्या स्टॅनफर्डला स्टॅनफर्डच्याच मैदानावर ७१-६७ असं हरवलं. स्टॅनफर्डच्या दोन मुख्य खेळाडू गुडघ्याच्या दुखापतीनं बाहेर होत्या हे खरं, पण पुरुषांमध्ये अशी गोष्ट घडायला २०१८ उजाडलं. २०२२मध्ये दहाव्या मानांकनाच्या साउथ डकोटानं बेलरला तिच्याच गावी, वेकोत, ६१-४७ असं गुंडाळलं. गुण बघा: बेलरला ४७वर रोखलं. छोट्या संघाचा जिंकण्याचा मार्ग बहुधा असाच असतो. वेग कमी ठेवायचा, पझेशन घटवायची, रिबाउंड सोडायचे नाहीत. सामना जितका लांबतो तितकी खोल राखीव फळी असलेल्या संघाची सरशी होते.

आता यूकॉन. त्यांच्या यशातून बिग ईस्टबद्दल काहीच सिद्ध होत नाही. २०१३ ते २०२० ही सात वर्षं हा संघ अमेरिकन ॲथलेटिक कॉन्फरन्समध्ये होता आणि तिथे, कॉन्फरन्सची स्पर्धा धरून, १३९ सामन्यांत एकदाही हरला नाही. त्या काळात त्यांनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी ओळीनं तीन विजेतेपदं घेतली, आणि त्यानंतरची तीन वर्षं उपांत्य फेरीत हरले. दुबळ्या कॉन्फरन्समुळे संघ मऊ पडतो का, या वादाला दोन्ही बाजूंचा पुरावा या एकाच संघात सापडतो. २०२५मध्ये ते बिग ईस्टमध्ये १८-० होते. हंगामातले तिन्ही पराभव बाहेरचे: नोटर डेम, यूएससी आणि टेनेसी. पण फेब्रुवारीच्या मध्यावर त्यांनी साउथ कॅरोलिनाच्या घरी जाऊन ८७-५८ असा विजय मिळवला आणि तिची घरच्या मैदानावरची सलग ७१ विजयांची मालिका तोडली. फेब्रुवारीत असा सामना मुद्दाम ठेवावा लागतो, कारण कॉन्फरन्समध्ये त्या दर्जाचं कुणी नाही. एप्रिलमध्ये अंतिम सामन्यात याच संघाला त्यांनी ८२-५९ हरवलं. एवढं असूनही मानांकन दुसरं मिळालं होतं. हलक्या कॉन्फरन्सचा दंड तो एवढाच.

गुणी खेळाडू मोजक्याच ठिकाणी का साठतात याला एक साधं कारण आहे. पुरुषांमध्ये अव्वल खेळाडू एका वर्षात एनबीएत जातो. डब्ल्यूएनबीए या महिलांच्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टसाठी (नव्या खेळाडूंची निवड) अमेरिकन कॉलेज खेळाडूनं त्या वर्षात २२ पूर्ण करायला हवेत किंवा पदवी मिळवायला हवी. म्हणून एक मोठी खेळाडू एका संघाकडे तीन-चार वर्षं राहते आणि वरचा संघ वरच राहतो. हे चक्र अलीकडे ट्रान्सफर पोर्टलनं, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या नोंदणीच्या सोयीनं, हलवलं. २०२१पासून पहिल्यांदा संघ बदलताना एक वर्ष बाहेर बसावं लागत नाही, आणि २०२४पासून तर कितीही वेळा बदलता येतो. त्याच २०२१च्या जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावता येऊ लागले. बिग ट्वेल्व्हमधल्या टीसीयूचं (टेक्सस ख्रिश्चन विद्यापीठ) उदाहरण घ्या. जानेवारी २०२४मध्ये दुखापतींमुळे खेळाडूच उरल्या नाहीत, दोन सामने सोडून द्यावे लागले आणि कॅम्पसवर खुली चाचणी घेऊन मुली भराव्या लागल्या. हेली व्हॅन लिथ ही नावाजलेली खेळाडू पोर्टलमधून आली आणि पुढच्याच हंगामात टीसीयूनं बिग ट्वेल्व्ह जिंकलं, शेवटच्या आठातही पोहोचलं. म्हणजे पोर्टलनं मोठ्या कॉन्फरन्सांच्या आत समतोल वाढवला. मोठ्या आणि छोट्या कॉन्फरन्समधली दरी मात्र त्याच पोर्टलनं रुंदावली, कारण छोट्या ठिकाणी २० गुण करणारी मुलगी दुसऱ्या वर्षाअखेर वर जाते. हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे, आणि बहुतेक वाद दोघंजण वेगवेगळ्या समतोलाबद्दल बोलत असल्यामुळे होतात.

पश्चिमेकडच्या पॅक-ट्वेल्व्ह कॉन्फरन्सचं जे झालं त्याची हळहळ वाटते. २०२४च्या तिच्या शेवटच्या हंगामात सात संघ स्पर्धेत होते आणि पाच शेवटच्या सोळात. फुटबॉलच्या पैशासाठी ती मोडली. यूसीएलए, यूएससी, ओरेगॉन, वॉशिंग्टन बिग टेनला. ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट, कोलोरॅडो, युटा बिग ट्वेल्व्हला. स्टॅनफर्ड आणि कॅल थेट अटलांटिक किनाऱ्याच्या एसीसीला. स्टॅनफर्ड २०२५मध्ये स्पर्धेबाहेर राहिलं, १९८८पासूनची सलग ३६ स्पर्धांची परंपरा तुटली. दोष सगळा प्रवासाला देऊ नका; प्रशिक्षक टारा व्हॅनडरव्हीर २०२४च्या उन्हाळ्याआधीच निवृत्त झाल्या होत्या आणि संघाची मुख्य खेळाडू कॅमरन ब्रिंक डब्ल्यूएनबीएत गेली होती.

उलट दिशेचं उदाहरण आयव्ही लीगचं. आठ संघ, खेळासाठी शिष्यवृत्ती नाही, तरी २०२५मध्ये हार्वर्ड, कोलंबिया आणि प्रिन्स्टन असे तीन संघ स्पर्धेत. कोलंबियानं फर्स्ट फोरमध्ये (मुख्य फेरीआधीचे पात्रता सामने) बिग टेनच्या वॉशिंग्टनला हरवलं. वर सांगितलेला डिसेंबरचा नियम त्यांनाही लागू पडला: हार्वर्ड कॉन्फरन्स जिंकून थेट गेलं, पण कोलंबिया आणि प्रिन्स्टननं बाहेरच्या सामन्यांत पुरेसे विजय आधीच जमवले होते, म्हणून नंतर आयव्हीत हरूनही दोघी टिकल्या.

तुम्हाला स्वतः मोजायचं असेल तर १ जानेवारीला बसा. कॉन्फरन्सबाहेरचेच सामने घ्या. त्यातले घरी खेळलेले बाजूला काढा. परक्या आणि तटस्थ मैदानावरचे, आणि तेही बरोबरीच्या किंवा वरच्या कॉन्फरन्सशी झालेले, एवढेच ठेवा. मग सर्वोत्तम संघ वगळा आणि मधल्या संघाचा नेट क्रमांक बघा: १८ संघांत नववा-दहावा, ११ संघांत सहावा. बिग ईस्टमध्ये यूकॉन धरून सरासरी काढली की चित्र फसवं दिसतं, मधला संघ बघितला की दिसत नाही. एका हंगामात असे सामने थोडेच हाती लागतात, म्हणून दोन-तीन हंगाम एकत्र घ्या, फक्त २०२४च्या आधीचे आणि नंतरचे मिसळू नका. नावं तीच असली तरी त्या कॉन्फरन्सा त्या उरलेल्या नाहीत.

यापुढे पैशाचाही हिशोब ठेवावा लागेल. पुरुषांच्या स्पर्धेत संघ किती सामने खेळले त्यावर कॉन्फरन्सला पैसे मिळायची पद्धत कित्येक वर्षांची आहे. महिलांसाठी ती जानेवारी २०२५मध्ये मंजूर झाली, पहिल्या वर्षाचा निधी १.५ कोटी डॉलर. हे पैसे कॉन्फरन्सकडे जातात, म्हणून आता प्रत्येक जास्तीच्या जागेला आणि प्रत्येक फेरीला किंमत आली आहे. आयव्हीसारख्या तीन संघ पाठवणाऱ्या छोट्या कॉन्फरन्सला त्यातून किमान तीन वाटे मिळतात, एकच संघ पाठवणाऱ्या समिटला किमान एक.