जांघेतला नायटा ट्यूब लावली की जातो, बंद केली की परत येतो. रक्त खराब आहे का?

रक्ताचा काही संबंध नाही हो. मेडिकलच्या काउंटरवर बसतो त्यामुळे हा प्रश्न जवळपास रोजच ऐकतो, आणि विचारणारा माणूस हळू आवाजात, दुकानात दुसरं कोणी नाही ना ते बघून विचारतो. तुम्ही लिहिलंय की गोल चट्टे आहेत, कडेला लाल, मधे साफ, रात्री खाज जास्त, मेडिकलमधून घेतलेल्या ट्यूबने चार दिवसांत गायब आणि पंधरा दिवसांत आधीपेक्षा मोठे. वर्णनावरून तरी नायटाच वाटतोय, गजकर्ण म्हणतात तेच. पण खात्री डॉक्टर बघूनच करतील, इसब पण कधीकधी असाच गोल दिसतो.

आता परत का येतो ते कळायला त्वचा कशी असते ते थोडं बघावं लागेल. वरचा थर म्हणजे एपिडर्मिस, पापणीवर अगदी कागदासारखा पातळ, तळहाताला तळपायाला जाड. त्याच्या तळाशी सतत नवीन पेशी तयार होतात, त्या वर वर सरकत जातात, केरॅटिनने (केसात-नखात असतं ते टणक प्रथिन) भरतात, मरतात आणि शेवटी कोंड्यासारख्या झडून जातात, या सगळ्याला साधारण चार आठवडे लागतात. म्हणजे आपण जिला हात लावतो ती सगळ्यात वरची त्वचा मेलेलीच असते. नायट्याची बुरशी याच मेलेल्या थरात राहते आणि केरॅटिन खाते, ते पचवायचं एन्झाइम तिच्याकडे असतं. रक्तात ती जात नाही, म्हणून रक्तशुद्धीचं सिरप कितीही बाटल्या प्या, फरक पडणार नाही (खपतात मात्र भरपूर).

बुरशी बाहेरच्या बाजूला पसरत जाते आणि खालच्या जिवंत त्वचेला तिचा पत्ता लागला की तिथे सूज, लाली, खाज सुरू होते, पेशी पटापट झडायला लागतात आणि त्यांच्याबरोबर बुरशी पण बाहेर टाकली जाते. म्हणून मधला भाग साफ आणि कड लाल, ती रिंग म्हणजे तुमच्या शरीराने चालवलेली मारामारी आहे.

आणि इथेच ती ट्यूब गडबड करते. खोक्यावर बारीक अक्षरात बघा, क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेटासोन, मोमेटासोन यातलं काही लिहिलंय का. असेल तर ते स्टेरॉइड आहे. सोबत अँटीफंगल म्हणजे बुरशी मारणारं औषध आणि एक अँटीबायोटिक पण मिसळलेलं असतं, एकाच ट्यूबमध्ये सगळं, म्हणून लोकांना वाटतं जास्त पॉवरफुल असेल. स्टेरॉइड सूज आणि खाज दाबतं, तुम्हाला वाटतं बरं झालं, पण बुरशी तिथेच असते. घरात चोर शिरलाय आणि आपण कुत्र्यालाच झोपेची गोळी दिली, असा प्रकार. चोर आरामात सगळ्या खोल्या फिरतो, म्हणून ट्यूब बंद केल्यावर चट्टा आधीपेक्षा मोठा दिसतो, कधी रिंगच्या आत अजून एक रिंग येते, कधी आकार इतका बदलतो की डॉक्टरांना पण पटकन ओळखता येत नाही.

जांघेत तर अजूनच वाईट कारण तिथली त्वचा पातळ आणि घामट, औषध हाताच्या तुलनेत कितीतरी जास्त शोषलं जातं. महिनोन्महिने लावलं की खालच्या थरातलं म्हणजे डर्मिसमधलं कोलॅजन, म्हणजे त्वचेला मजबुती देणारं प्रथिन, कमी होतं आणि पोटावर बाळंतपणानंतर दिसतात तशा रेषा मांडीवर येतात, आधी लाल मग पांढऱ्या. नायट्याचे काळे डाग काही महिन्यांत फिके होतात, या रेषा पूर्ण जात नाहीत. तरुण पोरांच्या मांड्यांवर बघितल्यात मी.

स्टेरॉइड वाईट औषध नाहीये हां, इसबाला, सोरायसिसला डॉक्टर देतात आणि छान काम करतं. प्रश्न चिठ्ठीशिवाय विकण्याचा आहे. २०१८ मध्ये सरकारने अशी १४ स्टेरॉइड मलमं कडक नियमाखाली आणली, चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत म्हणून, पण काउंटरवर काय चालतं ते तुम्हाला माहितीच आहे, तुम्हाला पण मिळालीच ना.

दुसरी भानगड म्हणजे बुरशी पण आता तीच जुनी राहिली नाही. भारतात गेल्या काही वर्षांत जी पसरलीये तिला २०२० मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नाव मिळालं, तिच्यातल्या बऱ्याच प्रकारांवर टर्बिनाफिन हे नायट्याचं नेहमीचं औषध पूर्वीसारखं चालत नाही, आणि २०२३ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्कमध्ये पण तिचे पेशंट सापडले. त्यामुळे मित्राला ज्या गोळीने बरं वाटलं तीच आपण पण घेऊ, हा हिशोब सोडा. गोळ्या लिव्हरवर ताण देऊ शकतात, दुसऱ्या औषधांशी पण त्यांचं भांडण होतं, कोणती आणि किती दिवस ते डॉक्टरच ठरवतील.

कोर्स मोठा असतो, बरेचदा दीड-दोन महिने, आणि लोक खाज थांबली की सोडतात. वर सांगितलं ना, पूर्ण नवीन कातडी यायलाच महिना लागतो. मलम दिलं तर फक्त रिंगवर नाही, बाहेर दोन बोटं साध्या त्वचेवर पण लावायचं आणि दिसायचं बंद झाल्यावर पण सांगितलेत तितके दिवस लावायचं.

घरात अजून कोणाला असेल तर एकदमच उपचार करा नाहीतर एकमेकांना देत बसाल. टॉवेल वेगळा, चड्डी सैल आणि कॉटनची, कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवायचे. ओली जीन्स घालून दिवसभर बाइकवर फिरू नका. लिंबू, चुना, लसूण चोळू नका, भाजतं आणि मग दोन आजार होतात. वजन जास्त असेल किंवा घरात डायबेटिस असेल तर शुगर पण चेक करून घ्या.

डॉक्टर त्वचेचेच बघा, थोडी कातडी खरवडून मायक्रोस्कोपखाली बघतात, साधी टेस्ट आहे. आणि जाताना आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूबची खोकी घेऊन जा, कारण तिथे विचारल्यावर निम्मे लोक 'पांढरी ट्यूब होती' एवढंच सांगतात.