वाचकांचे प्रश्न : चाळिशीचा चष्मा, बधिर करंगळी आणि घड्याळातले ठोके

प्रश्न : वय ४७, काम कोडिंगचं. लांबचा नंबर −२.५० आणि आता चाळिशीचा +२.०० ॲड (जवळचं दिसण्यासाठी लांबच्या नंबरात मिळवायचा आकडा), म्हणून प्रोग्रेसिव्ह चष्मा केला. चांगल्यातली काच घेऊनही संध्याकाळपर्यंत मान अवघडते, डोळे चुरचुरतात. ब्लू लाइट अडवणारी काच बसवून घेऊ का?

उत्तर : मान चष्म्यामुळेच अवघडत असणार, पण त्यात काचेच्या दर्जाचा दोष नाही. प्रोग्रेसिव्ह काचेत वर लांबचा नंबर असतो, तळाशी वाचनाचा आणि मधल्या अरुंद पट्ट्यात मधल्या अंतराचा. स्क्रीन असते नाकासमोर आणि तिच्यासाठी लागणारा मधला पट्टा असतो नजरेच्या सरळ रेषेच्या खाली. तो गाठायला हनुवटी नकळत वर जाते आणि मानेचे मागचे स्नायू तासन्तास आखडून राहतात. मॉनिटर रुंद असेल तर पट्टा पुरत नाही आणि ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत डोळ्यांऐवजी मान फिरते.

उपाय म्हणजे फक्त स्क्रीनसाठी वेगळा, एकाच नंबरचा चष्मा. त्याचं गणित तुम्हाला अवघड नाही. डायऑप्टर, म्हणजे चष्म्याच्या नंबराचं एकक, हे १ भागिले मीटरमधलं अंतर. पुस्तक ४० सेंटिमीटरवर धरलं तर गरज २.५ ची आणि ६५ सेंटिमीटरवरच्या स्क्रीनसाठी साधारण १.५ ची. म्हणजे वाचनापेक्षा १ ने कमी. तुमच्या +२.०० ऐवजी +१.०० च्या आसपास पुरेल. तो −२.५० मध्ये मिळवला की उरतो −१.५०. सिलिंडर (उभ्या-आडव्या दिशेतल्या फरकाचा नंबर) असेल तर तो तसाच राहतो. हा आकडा अंदाजाचा आहे, अंतिम नंबर तपासूनच ठरवायचा. मात्र तपासायला जाताना डोळ्यापासून स्क्रीनपर्यंतचं अंतर टेपने मोजून न्या. नुसतं ‘कॉम्प्युटरसाठी हवा’ म्हटलं की समोरचा आपल्या मनाने अंतर धरतो, आणि ५५ व ७५ सेंटिमीटरमध्ये जवळजवळ अर्ध्या नंबरचा फरक पडतो. हा चष्मा लावून गाडी चालवायची नाही, लांबचं धूसर दिसतं.

तोवर मॉनिटर खाली घ्या. ‘वरची कड डोळ्यांच्या रेषेत’ हा नेहमीचा सल्ला प्रोग्रेसिव्हवाल्यांना जाचतो. कड डोळ्यांपेक्षा सात-आठ सेंटिमीटर खाली आणि वरचा भाग थोडा मागे कललेला, अशी मांडणी करून बघा. लॅपटॉप असेल तर कीबोर्ड वेगळा जोडा. स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना चिकटलेले असले की एक तर मान वाकते, नाही तर हात उचलावे लागतात.

ब्लू लाइटच्या काचेवर पैसे घालू नका. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०२३ मध्ये १७ चाचण्यांचा आढावा घेतला, त्यात साध्या काचेच्या तुलनेत डोळ्यांचा ताण कमी झाल्याचं दिसलं नाही. चुरचुरण्याचं मुख्य कारण वेगळं आहे. एरवी आपण मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापणी मिटतो, स्क्रीनकडे टक लावल्यावर ते पाच-सातवर येतं, आणि मिटली तरी बरेचदा अर्धवटच. बिल्ड (कोडपासून प्रोग्राम तयार होणं) चालू असताना दुसरा टॅब उघडण्याऐवजी डोळे पूर्ण मिटा आणि मग दूर कुठेतरी बघा. एसीचा झोत तोंडावर येत असेल तर त्याची दिशा बदला.

एक मात्र थांबण्यासारखं नाही : डोळ्यात अचानक प्रकाशाचे चमकारे, काळ्या ठिपक्यांचा लोंढा किंवा कडेने पडदा ओढल्यासारखं दिसलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. डोळ्याच्या आतला पडदा (रेटिना) सुटत असण्याची ती लक्षणं आहेत आणि मायनस नंबरवाल्यांना तो धोका जास्त असतो.

प्रश्न : उजव्या करंगळीला मुंग्या येतात, सकाळी बधिर वाटते. कार्पल टनेल (मनगटात नस दबण्याचा त्रास) समजून उभा माउस आणि मनगटाखाली जेलची उशी घेतली. महिना झाला, फरक शून्य.

उत्तर : कारण कार्पल टनेलमध्ये करंगळी येत नाही. मनगटातून जाणारी मीडियन नस अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू सांभाळते. करंगळी आणि अनामिकेची उरलेली अर्धी बाजू अल्नर नसेकडे. कोपर आपटल्यावर झिणझिणी येते ती हीच. ती बहुधा कोपरात दबते : टेबलाच्या धारदार कडेवर किंवा खुर्चीच्या कडक हातावर कोपर टेकून बसल्याने, फोन तासभर कानाला लावल्याने, आणि सगळ्यात जास्त झोपेत कोपर पूर्ण दुमडल्याने. सकाळचा बधिरपणा तिथूनच येतो.

झोपताना कोपराभोवती टॉवेलची सैलसर गुंडाळी करून वर सैल चिकटपट्टी लावा, म्हणजे हात पूर्ण दुमडणार नाही. घट्ट बांधलंत तर मुंग्या वाढतील. दिवसा कोपर ९० अंशांपेक्षा थोडा उघडा ठेवा. जेलची उशी काढून टाका, अल्नर नस मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूलाही दबू शकते. कीबोर्डचे मागचे पाय उभे असतील तर तेही पाडा, त्यांनी मनगट वर वळतं.

चार-सहा आठवड्यांत उतार पडला नाही तर नर्व्ह कंडक्शन (नसेतून संदेश नीट जातो का, याची) तपासणी करून घ्या. बोटांतली ताकद कमी होऊ लागली, वस्तू हातातून सुटू लागल्या किंवा अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसल भाग खोल दिसू लागला, तर तेवढंही थांबू नका. मान वळवल्यावर मुंग्या वाढत असतील तर मूळ मानेच्या मणक्यात असू शकतं.

प्रश्न : वय ५१. हळू धावतानाही घड्याळ १६८ ठोके दाखवतं. २२० वजा वय केलं तर माझी मर्यादाच १६९. धाप लागत नाही, गप्पा मारता येतात. धोका आहे का?

उत्तर : गप्पा मारता येत असतील तर तो आकडा नाडीचा नसून बहुधा पावलांचा आहे. घड्याळ हिरवा प्रकाश टाकून त्वचेखालच्या रक्ताची चढउतार मोजतं. पट्टा सैल असला की हाताच्या हेलकाव्याची लय त्यात मिसळते आणि घड्याळ तीच ठोके म्हणून धरतं. धावताना पावलं मिनिटाला १६० ते १७० पडणं नेहमीचंच. पडताळा घ्या : १५ सेकंद पावलं मोजा आणि चारने गुणा. आकडे जुळले की चोर सापडला. मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, सरकणार नाही इतपत घट्ट पट्टा बांधा. तरीही शंका राहिली तर छातीचा पट्टा वापरा, तो हृदयाचे विद्युत संकेतच टिपतो.

२२० वजा वय हे सरासरीचं सूत्र आहे, व्यक्तीगणिक १०-१२ ठोक्यांचा फरक सहज पडतो. छातीत दाब, चक्कर किंवा दरदरून घाम आला तर घड्याळ काहीही म्हणो, थांबा आणि मदत मागा. घड्याळातला एका लीडचा (हृदयाकडे एकाच कोनातून बघणारा) ईसीजी हृदयविकाराचा झटका ओळखत नाही.

जाता जाता, रोजच्या १०,००० पावलांचा आकडाही प्रयोगशाळेतून आलेला नाही, तो १९६५ च्या एका जपानी पावलंमोजणी यंत्राच्या नावातून आला. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. घड्याळ न मोजणारा हा दुसरा भागच बहुतेकांचा राहून जातो.

प्रश्न : मला काही झालं तर घरच्यांना मेल आणि फोटो मिळावेत म्हणून पासवर्ड वहीत लिहून ठेवलेत. पुरेसं आहे?

उत्तर : नाही. पासवर्ड टाकल्यावर कोड येतो तुमच्या फोनवर, आणि त्या फोनचं कुलूप उघडतं तुमच्या बोटाने. वहीत फोनचा पिन आणि प्रत्येक महत्त्वाच्या खात्याचे रिकव्हरी कोड छापून ठेवा. घरच्यांना आवर्जून सांगा की सिमकार्ड सगळ्यात शेवटी बंद करायचं.

गूगलच्या ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’मध्ये ३ ते १८ महिन्यांची मुदत निवडून दहापर्यंत माणसं नेमता येतात. ॲपलवर ‘लेगसी काँटॅक्ट’ नेमा. तिथे ॲक्सेस की आणि मृत्यूचा दाखला दोन्ही लागतात, म्हणून कीची छापील प्रत त्या व्यक्तीला आजच द्या. कीचेनमधले (ॲपलने साठवलेले) पासवर्ड या मार्गाने मिळत नाहीत, वही तिथे कामाला येते.

फोटोंची एक प्रत वेगळ्या डिस्कवर असू द्या. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, एका फोनवर पुसलेला फोटो सगळीकडून पुसला जातो. आणि वर्षातून एकदा घरच्या कुणाला तरी तुमच्या मदतीशिवाय नवीन लॅपटॉपवर त्यातला एखादा फोल्डर उघडायला सांगा. कुठे अडतं ते बघून वहीत तेवढी ओळ वाढवा.