तिला उत्तर द्यायला जागा ठेव

प्रिय मित्रा,

तुझं गाणं ऐकलं, स्टोरीबोर्ड पण पान न पान बघितला. चाल लगेच डोक्यात बसते, आणि तुझ्या मित्राच्या आवाजात जो खानदेशी हेल आहे ना तो मिक्सिंगवाल्याला अजिबात पुसू देऊ नकोस, त्या गाण्याचा जीवच त्यात आहे. तू विचारलंस की ताई व्हिडिओ चालेल का. ते मला सांगता येणार नाही, पण इतकी वर्षं लोकांचे व्हिडिओ एडिट करत बसल्यामुळे एक गोष्ट पटकन दिसते आणि तीच सांगायला लिहितेय. तुझ्या स्टोरीबोर्डमधे मुलीच्या रकान्यात काय काय लिहिलंयस ते एकदा सलग वाचून बघ. हसते, केस सावरते, वळून बघते, ओढणी उडते, पुन्हा हसते. मुलाच्या रकान्यात तो बघतो, मागे जातो, मित्रांशी बोलतो, गुलाब घेतो, पडतो, उठतो, नाचतो. म्हणजे गोष्ट एकाचीच झाली, दुसरी नुसती फ्रेममधे आहे. माझं सगळं म्हणणं एवढंच की तिला उत्तर द्यायला जागा ठेव. ती जागा मनापासून ठेवलीस तर लोकेशनपासून शेवटच्या शॉटपर्यंत बरंच काही बदलावं लागेल, आणि बदलू दे.

पहिल्या अंतऱ्यात तो तिच्या क्लासबाहेर उभा राहतो, मग बाईकवरून तिच्या स्कूटीच्या मागे जातो, ती वैतागते, तोंड फिरवते, आणि शेवटच्या मुखड्याला हसते. हे तू तुझ्या मनाने लिहिलेलं नाहीस हे मला माहितीय, लहानपणापासून हजारदा बघितलंय म्हणून हात आपोआप तिकडे गेला. तीन मिनिटांच्या गाण्यात काहीतरी अडथळा लागतो आणि सगळ्यात स्वस्त अडथळा म्हणजे मुलीचा नकार, त्याला ना सेट लागतो ना एक्स्ट्रा कलाकार, त्यामुळे नकार म्हणजे एक स्पीडब्रेकर, गाडी जरा हळू करायची आणि पुढे जायचं. पण रोज बाहेर ज्या मुलीचा असा पाठलाग होतो तिच्यासाठी हे गाणं नसतं रे. २०१३ मधे पाठलाग करणं हा वेगळा गुन्हा म्हणून कायद्यात आला, तेव्हा आयपीसीचं म्हणजे भारतीय दंड संहितेचं कलम ३५४ ड होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ आहे, आणि मुलीने स्पष्टपणे नको म्हटल्यावर पुन्हा पुन्हा मागे जाणं किंवा संपर्क करत राहणं हे त्यात बसतं, पहिल्याच वेळी दोषी ठरला तर ३ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. कायद्याची भीती घालायला नाही सांगत. तुझा पहिला अंतरा आहे तसा कोणी पोलिसांना लिहून दिला तर ती तक्रार होईल, आणि आपण त्याच्यावर बासरी लावतोय, एवढंच तुला दिसावं म्हणून सांगतेय. तुझा व्हिडिओ ज्या पोराने पहिल्यांदा बघायचाय तो पंधरा-सोळाचा असेल, तालुक्याच्या गावात असेल, त्याच्याशी प्रेमाबद्दल घरात कोणी एक शब्द बोललेलं नसेल. त्याला जे काही कळणार ते असल्या गाण्यांतूनच कळणार.

आणि हे असंच असतं, असंच चालतं, हे पण खरं नाही. १९९५ मधे अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' आलं तेव्हा दिग्दर्शक केन घोषच्या त्या व्हिडिओत ती राणी होती, पुढे स्थळांची रांग लागलेली, आणि निवडणारी ती होती. मिलिंद सोमण पेटीतून बाहेर येतो आणि अख्खा देश त्याच्याकडे बघत बसला, कारण तिने बघितलं म्हणून. पुढे फाल्गुनी पाठकच्या व्हिडिओंमधे कॉलेजातली मुलगीच प्रेमात पडलेली असायची, तीच वाट बघायची, तीच त्याला शोधायची, भाबडं होतं सगळं पण मन तिचं होतं. मग २००२ ला 'कांटा लगा'चं रिमिक्स आलं, १९७२ च्या लताबाईंच्या गाण्याचं, आणि त्यावर घराघरात केवढा आरडाओरडा झाला. माझं मत विचारशील तर कपड्यांवर झालेलं ते भांडण चुकीच्या जागी झालं. त्या व्हिडिओतली मुलगी सरळ कॅमेऱ्यात बघते, तिला हवं ते करते. तिच्या मागून जे नक्कल करणारे आले त्यांनी कपडे घेतले आणि ती नजर सोडून दिली, आणि मुलगी पुन्हा फक्त बघायची राहिली.

आपल्याकडे तर उत्तर देणारी बाई किती जुनी आहे. लावणीत ती बोलते, अटी घालते, रुसते, समोरच्याला नाव घेऊन जाब विचारते, लिहिणारे शाहीर बहुतेक पुरुष होते हे मान्य, पण रंगमंचावर तोंड तिचं होतं. कोळीगीतात पोरगा एक ओळ टाकतो आणि पोरगी त्याला उलटं ऐकवते, ती मजाच त्या गाण्याची. आणि आत्ताचं म्हणशील तर २०२४ मधे संजू राठोडचं 'गुलाबी साडी' जगभर वाजलं, संजू पण तुझ्याच जळगावकडचा. त्यातली मुलगी त्यालाच फोटो काढायला सांगते. तिला माहितीय ती छान दिसतेय, कॅमेरा कुठे आहे हे पण माहितीय, आणि तो कोणी धरायचा हे ती ठरवते. मला हे फार आवडलं, कारण आजची मुलगी खरंच अशी आहे, फोनचा कॅमेरा हातात घेऊन वाढलेली. त्याच्या पुढे ते गाणं फार जात नाही, पण दार उघडलंय, तू त्यातून आत जा.

आता तुझं शहर. एफसी रोड, मग एक कॅफे ज्यात दुसरं कोणीच बसलेलं नाही, मग लोणावळ्याचा पॉइंट, मग मुंबईच्या मढ आयलंडचा बंगला ज्याला तू बजेटच्या अर्ध्याहून जास्त पैसे ठेवलेत. तो बंगला काढून टाक. मढला शूटिंगचे बंगले भरपूर आहेत, कितीतरी सिरीयल आणि अल्बममधे तेच ते जिने आणि तोच तो स्विमिंग पूल येतो, बघणाऱ्याला पण ओळखू यायला लागलाय. आणि त्याच मढ-अक्सा भागात ऑगस्ट २०१५ मधे पोलिसांनी हॉटेलांवर धाडी टाकून ४० च्या आसपास जोडप्यांना ठाण्यावर नेलं होतं, सज्ञान माणसं, स्वतःच्या मर्जीने तिथे गेलेली, आणि त्यांच्यावर सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तनाचं कलम लावलं, काही मुलींना घरी फोन करायला लावले. पडद्यावर ज्या गावात प्रेम एवढं मोकळं आहे तिथे प्रत्यक्षात दार लावून बसलं तरी ते सार्वजनिक ठरतं. आपल्या व्हिडिओंमधलं तरुण शहर हे असं रिकामं, श्रीमंत आणि कोणी न अडवणारं असतं, आणि मग नाशिकच्या, लातूरच्या पोरांना वाटतं की प्रेम करायला थारसारखी महागडी गाडी लागते.

तू पुण्यात राहतोस ना, मग झेड ब्रिजवर संध्याकाळी जाऊन नुसता उभा राहा. गाड्यांची रांग, प्रत्येक गाडीवर दोघं, पाठ रस्त्याकडे आणि तोंड नदीकडे, नदीला वास येतोय तरी. मरीन ड्राइव्हवर पण हेच, सगळे समुद्राकडे तोंड करून, कारण पाठ केली की निदान ओळखीचं कोणी दिसत नाही. कॅमेरा पुलाच्या या बाजूला ठेवून नुसत्या पाठी दाखवल्यास तर मला त्यात दहा बंगल्यांपेक्षा जास्त प्रेम दिसेल (लोकांचे चेहरे घेऊ नकोस मात्र, त्यांच्या घरी कळलं तर काय होईल याचा विचार कर, तिथे आपलेच कलाकार बसव). आणि सदाशिव पेठेतल्या अभ्यासिका कशा विसरलास तू, तुझा स्वतःचा भाऊ तिथे बसतो! बीडहून, जळगावहून, परभणीहून एमपीएससी करायला आलेली हजारो पोरंपोरी, कॉट बेसिसवर म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन राहणारी, मेसचं जेवणारी, रात्री अकराला टपरीवर चहाला एकत्र येणारी. त्यांच्यात प्रेमं होतात, रोज होतात, आणि त्यांच्यावर किती व्हिडिओ बघितलेस तू? दोघं शेजारच्या टेबलावर, बोलायला बंदी, वहीच्या मागच्या पानावर लिहिलेलं. तिने काहीतरी विचारलंय, त्याने लिहिलंय, तिने वाचून पान उलटं करून ठेवलंय. बघ, तिला उत्तर द्यायला किती सुंदर जागा आहे इथे. आणि तिचा पहिला प्रश्न कदाचित आडनाव काय हा असेल, वाईट हेतूने नाही, घरी काय होणार ते तिला आधी मोजायचंय म्हणून. आपल्या अल्बमच्या हिरोंना आडनावच नसतं. तू जात घोषणा म्हणून दाखवू नकोस, तेवढा वेळ पण नाही गाण्यात, पण ते आडनाव वाचून तिचा चेहरा एक क्षण कसा होतो एवढंच घे, बघणाऱ्यांना सांगावं लागत नाही.

पैसे नाहीत याची लाज नको. २०१४ मधे कुर्ल्याच्या नेझी या रॅपरने 'आफत' आयपॅडवर केलं, गाणं पण आणि व्हिडिओ पण, स्वतःच्या गल्लीत, आणि त्यानंतर मुंबईच्या रॅपने शहराचा चेहराच बदलला, उंच काचांच्या जागी जिने, नळ, पाण्याची पिंपं आली. त्या गल्ल्यांमधे मुली मात्र फार कमी दिसल्या. ते काम अजून कोणीतरी करायचंय.

स्लो मोशनबद्दल. तू जवळजवळ प्रत्येक शॉटला लिहिलंयस. कसं होतं तुला माहितीच आहे, सेटवर गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं, सेकंदाला ५० फ्रेमने शूट करायचं, ओठ दुप्पट वेगाने हलवायचे, आणि एडिटला २५ वर आणलं की ओठ जुळतात आणि केस, ओढणी, पाऊस सगळं तरंगतं. दिसायला भारी दिसतं, पण माझ्या टेबलावर असं फुटेज आलं की एक त्रास होतो, चेहऱ्यावर काही चाललेलंच नसतं. दुप्पट वेगाने गाताना कोण विचार करणार, कोण खरं बघणार! मुलीचे क्लोजअप तर हमखास असेच घेतात आणि मग सगळ्यांना वाटतं ती नुसती दिसते, अभिनय येत नाही. तिचे महत्त्वाचे शॉट साध्या वेगाने घे, ओठ हलवायला लावू नकोस, तिला खरंच वाचायला, खरंच ऐकायला, ठरवायला वेळ दे. स्लो मोशन एकदाच ठेव, जिथे त्या दोघांपैकी एकासाठी वेळ थांबतो तिथे. आणि ती जे बघतेय ते कॅमेऱ्याने बघितलेले शॉट तुझ्या यादीत एकही नाहीत, त्याच्या नजरेतून मात्र भरपूर आहेत. तिच्या नजरेतून तो कसा दिसतो? घामेजलेला, चपलेचा पट्टा तुटलेला, बोलायला घाबरलेला? मला तो मुलगा बघायचाय, तो गॉगलवाला नकोय.

एक मागणं आहे आणि तुझ्या मित्राला ते पटणार नाही. दुसरा अंतरा कापू नका. मला कळतं का कापताय, जून २०२० मधे टिकटॉक बंद झालं आणि पुढच्या महिन्यात रील्स आलं तेव्हापासून सगळे तीस सेकंदाची ओळ आधी शोधतात आणि गाणं तिच्याभोवती गुंडाळतात. पण भावगीतात दुसऱ्या अंतऱ्यालाच गोष्ट वळायची, पहिल्यात ओढ आणि दुसऱ्यात त्या ओढीचं काय झालं ते. तो दुसरा अंतरा गेला आणि आपल्या व्हिडिओंमधलं प्रेम कायम पहिल्याच भेटीत अडकून पडलं, भांडण नाही, कंटाळा नाही, तिची परीक्षा पास आणि याची नापास असलं काही नाही. तुमच्या दुसऱ्या अंतऱ्यातली शेवटची ओळ तर तिच्या तोंडी शोभेल अशी आहे. तिला गाऊ द्या ना. तुमच्या ग्रुपमधे जी मुलगी कोरसला आहे तिचा आवाज चांगला आहे, तिला विचार. रीलसाठी मुखडा वेगळा काढून द्या, पूर्ण व्हिडिओ पूर्ण ठेवा. आणि शेवटी ती हो म्हणालीच पाहिजे असं नाही. नाही म्हणाली आणि त्याने ते ऐकलं, पुस्तकं आवरली, दुसऱ्या दिवशी आपल्या टेबलावर येऊन बसला, असं दाखवलंस तर त्या सोळाच्या पोराला एक वेगळाच हिरो बघायला मिळेल, नकार घेऊन पण नीट जगणारा.

जी मुलगी घेतोयस तिच्याशी शूटच्या आधी बसून बोल, फक्त कपड्यांच्या मापाचं नाही. कुठले शॉट आहेत, कुठे हात लावायचाय, तिला काय नको आहे, हे आधी कागदावर असू दे. कपडे बदलायला नीट जागा, रात्री उशीर झाला तर घरापर्यंत गाडी, आणि मुलाला देतोयस तेवढेच पैसे, एक्स्पोजर मिळेल वगैरे बोलू नकोस. आणि अपलोड केल्यावर सगळे व्ह्यूज बघत बसतात तेव्हा तिच्या वाट्याला काय येतं ते मी बघितलंय, रंगावर, अंगावर, घरच्यांवर घाण कमेंट्स, वाचवत नाहीत. पहिले काही दिवस कमेंट्सवर तू स्वतः बस. घाण शब्दांचे फिल्टर आधीच लावून ठेव, जे उरतील ते दिसले की काढ, तिला टॅग करून तुझ्या पेजवर घाण लिहिणाऱ्यांना ब्लॉक कर, आणि हे तू करणार आहेस असं तिला आधीच सांग म्हणजे ती निर्धास्तपणे काम करेल. रात्रीची पाळी मित्राला दे, त्याला लवकर झोप येत नाही असं तूच म्हणत होतास.

तुझी,
ताई