आधी ते सात लाख परत करा

प्रश्न : मी अमळनेर तालुक्यातला कापूस उत्पादक शेतकरी आहे. मुलगा टी.वाय.बी.कॉम.ला आहे, एस.वाय.ला ५४ टक्के होते. त्याला शेअर बाजाराची आवड आहे. सेबीचं, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचं, लायसन्स मिळावं म्हणून त्याने एनआयएसएम या सेबीच्याच संस्थेची सिरीज ८ ही परीक्षा दोनदा दिली. पहिल्यांदा ४५ आणि दुसऱ्यांदा ५२.५ मार्क पडले, पास व्हायला ६० लागतात. लायसन्स मिळालं की घरच्यांचे पैसे तोच बाजारात सांभाळेल असं ठरलं आहे. माझे मोठे भाऊ, साडू आणि मामेभाऊ यांनी मिळून सात लाख रुपये विश्वासाने त्याच्याकडे दिले आहेत. आमच्या अमळनेरचे लोक विप्रोच्या शेअरवर करोडपती झाले, मग आमचा मुलगा का नाही होणार? पुण्याचा एक क्लास ३८ हजारांत पासची गॅरंटी देतो. लावावा का? या वर्षी बी.कॉम. बाजूला ठेवून पूर्ण वेळ हीच तयारी करायला मी त्याला सांगितलं आहे. मुलगा हल्ली फारसा बोलत नाही, रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर असतो. अभ्यास करत असावा.
– एक पालक, ता. अमळनेर

उत्तर : भाऊ, क्लासचं नंतर बोलू. ते सात लाख आत्ता कुठे आहेत?

तुम्ही ‘देणार आहेत’ असं लिहिलेलं नाही, ‘दिले आहेत’ असं लिहिलंय. म्हणजे परीक्षा अजून पास व्हायची आहे आणि तीन घरांचे पैसे वीस-एकवीस वर्षांच्या पोराच्या हातात आधीच पोचलेत. कोणाच्या खात्यात आहेत, बँकेत आहेत की ब्रोकरकडे, यातलं एक अक्षर पत्रात नाही. मार्क मात्र अर्ध्या मार्कापर्यंत अचूक आहेत.

स्वतःच्या नावाने डिमॅट आणि ट्रेडिंग खातं उघडायला कुठलीही परीक्षा लागत नाही. पॅन, आधार, बँक खातं एवढ्यावर ते उघडतं. ऑप्शनमध्ये, म्हणजे मुदतीच्या करारांच्या सौद्यांत, उतरण्यासाठी उत्पन्नाचा पुरावा मागतात, पण बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट त्याला चालतं, आणि सात लाख जमा झालेलं स्टेटमेंट चांगलंच दिसतं. तेव्हा लायसन्स आलं की तो सुरू करेल, असं तुम्ही धरून बसला असाल, तर त्याला थांबवणारं काहीच नव्हतं हे लक्षात घ्या. राहिली रात्र. शेअर बाजार दुपारी साडेतीनला बंद होतो. रात्री साडेअकरापर्यंत, काही महिने तर पावणेबारा उलटून जाईपर्यंत चालतो तो कमोडिटीचा बाजार, आणि क्रिप्टोला तर रात्रही नाही. मी आरोप करत नाही. पहिल्यापेक्षा दुसऱ्या वेळी साडेसात मार्क वाढलेत, म्हणजे पोराने काहीतरी वाचलंय. पण ‘अभ्यास करत असावा’ या ‘असावा’वर सात लाख सोडून देऊ नका.

आता जे सांगते ते तुम्हाला बोचेल. या पत्रात मुलाचं म्हणणं कुठे आहे? ठरवलं तुम्ही, पैसे दिले भावाने आणि साडूने, वर्ष बाजूला ठेवायला सांगितलं तुम्ही. तो काय म्हणाला? त्याला बाजाराची आवड आहे हे मान्य, पण आवड असणं वेगळं आणि काकाची कापसाची पट्टी उशाला घेऊन झोपणं वेगळं. लग्नात, उत्तरकार्यात, पारावर जो भेटेल तो विचारत असणार, ‘काय रे, झाला का पास?’ भाऊबंदांनी तर हसत म्हटलं असेल, ‘आपलाच पोऱ्या शे!’ त्यांनी प्रेमाने म्हटलं, पण त्या तीन शब्दांनी पोराची हरायची सोय काढून घेतली. कॉलेजच्या विषयात नापास झालं तर एटीकेटी असते. इथे नापास म्हणजे अख्ख्या भावकीत नाव जाणार. अशा वेळी मुलं बोलायची बंद होतात, त्यात नवल नाही.

आणि समजा, त्याने थोडे पैसे लावलेत आणि ते गेलेत. तो तुम्हाला सांगेल का? सेबीने २०२४च्या सप्टेंबरमध्ये एक अभ्यास जाहीर केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून जास्त सामान्य लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले होते, खर्च धरून माणशी सुमारे दोन लाखांनी. तिशीच्या आतल्यांचं प्रमाण वर्षभरात ३१वरून ४३ टक्क्यांवर गेलं, आणि जवळपास तीन चतुर्थांश लोक मोठ्या तीस शहरांच्या बाहेरचे, म्हणजे तुमच्या-आमच्यासारख्या गावांतले. मला सगळ्यात जास्त खटकलेला आकडा वेगळा आहे : सलग तोटा होऊनही ७५ टक्क्यांहून जास्त लोक थांबले नाहीत. गेलेले पैसे परत काढून मगच घरी सांगू, असं प्रत्येकाला वाटतं. ज्याच्याकडे दुसऱ्याचे पैसे आहेत, त्याला तर जास्तच.

म्हणून आधी विचारा, पण नीट विचारा. मोबाइल हिसकावू नका, साडूंना बोलावून पंचायत भरवू नका. मुलाला घेऊन दोघंच बसा आणि पहिलं वाक्य तुमचं असू द्या : ‘पैसे कमी झाले असतील तर ते मी बघतो, तू फक्त खरं सांग.’ मग ब्रोकरच्या अॅपमधलं लेजर, म्हणजे जमाखर्चाचा उतारा, आणि बँकेचं स्टेटमेंट त्यालाच उघडू द्या. व्यवहार झाला असेल त्या दिवसाची काँट्रॅक्ट नोट ईमेलवर येते, तीही तिथेच दिसेल. आकडा काहीही निघाला तरी त्या दिवशी आवाज चढवू नका. तो जेवत नसेल, झोपत नसेल किंवा ‘माझं काही खरं नाही’ अशा भाषेत बोलत असेल, तर १४४१६ या टेलि-मानसच्या सरकारी क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

पैसे शिल्लक असतील तर या आठवड्यात तिघांना बँकेतून परत करा, रोख नको. तूट असेल तर ती तुमची. भावाने आणि साडूने पैसे पोराकडे बघून दिलेले नाहीत, तुमच्या शब्दावर दिलेत. कितीचा कापूस विकल्यावर कोणाला किती, हे कागदावर लिहून द्या. नात्यात थोडं वाईट दिसेल. दिसू द्या.

आता ‘सेबीचं लायसन्स’. हा गैरसमज मला जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडच्या पत्रांत भेटतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. एनआयएसएम ही सेबीने २००६ साली स्थापन केलेली संस्था. तिच्या परीक्षा मुख्यतः ब्रोकर, म्युच्युअल फंड, बँका अशा ठिकाणी काम करणाऱ्यांसाठी आहेत. अमुक खुर्चीवर बसणाऱ्याला एवढं तरी यायला हवं, इतकाच त्या प्रमाणपत्राचा अर्थ, आणि तेही तीन वर्षांपुरतं. सिरीज ८ पास झालेला माणूस ब्रोकरच्या ऑफिसात डेरिव्हेटिव्हच्या, म्हणजे फ्युचर्स-ऑप्शन्सच्या, टर्मिनलवर बसून ग्राहकाने सांगितलेली ऑर्डर टाकू शकतो. दुसऱ्याचे पैसे स्वतःच्या मर्जीने फिरवण्याची परवानगी त्यातून मिळत नाही. त्यासाठी पोर्टफोलिओ मॅनेजर, म्हणजे लोकांची गुंतवणूक सांभाळणारा, म्हणून सेबीकडे नोंदणी लागते. तिला पाच कोटींचं नक्त मूल्य (देणी वजा जाता उरणारी मालमत्ता) हवं आणि एका ग्राहकाकडून किमान ५० लाख घ्यावे लागतात. फी घेऊन सल्ला द्यायचा तर गुंतवणूक सल्लागाराची नोंदणी वेगळी, टिप्स द्यायच्या तर रिसर्च अॅनालिस्टची वेगळी. ड्रायव्हिंग लायसन्स काढलं म्हणून कोणी स्वतःची एसटी सुरू करत नाही, तसंच हे. उद्या तुमच्या मुलाला १०० पैकी १०० पडले तरी काकांचे पैसे त्याच्या खात्यातून फिरवणं नियमात बसणार नाही. शिवाय खात्यावर पॅन त्याचा, म्हणजे नफा कागदोपत्री त्याचा, कर त्याला आणि तोट्याचं भांडण तुमच्या ओट्यावर. पतसंस्थांत ठेवी अडकल्या तेव्हा जळगाव जिल्ह्याने काय भोगलं ते तुम्हाला सांगायला नको. तिथे निदान पावती तरी होती.

विप्रोचं उदाहरण तुम्ही दिलंत, अमळनेरचा माणूस ते देणारच. १९४५ साली तुमच्या गावात वनस्पती तुपाची कंपनी म्हणून ती सुरू झाली, गावातल्या लोकांकडे तिचे शेअर आले, आणि ज्यांनी ते विकले नाहीत त्यांच्या घरात पुढे बोनसवर बोनस येत पैसा झाला. खरी गोष्ट आहे. पण त्या लोकांनी केलं काय? काहीच नाही. कागद कपाटात ठेवले आणि पिढी जाऊ दिली. तुमचा मुलगा ज्या सिरीज ८ची तयारी करतोय तो विषय याच्या अगदी उलट टोकाचा आहे. तिथे आठवड्यात, महिन्यात मुदत संपणारे करार असतात आणि २०२४च्या नोव्हेंबरपासून निर्देशांकाच्या नव्या करारांची किंमत किमान १५ लाख ठेवली आहे. तुमच्या तीन घरांची मिळून पुंजी त्याच्या निम्मीही नाही. अमळनेरच्या म्हाताऱ्यांकडून धडा घ्यायचाच तर तो थांबण्याचा घ्या.

मार्कांबद्दल थोडं. प्रश्न १००, वेळ दोन तास, चुकीच्या उत्तराला पाव मार्क वजा. त्याने सगळे प्रश्न सोडवले असतील तर पहिल्या वेळी ५६ बरोबर, ४४ चूक. दुसऱ्या वेळी ६२ बरोबर, ३८ चूक. पास व्हायला ६८ बरोबर लागतात, म्हणजे सहा प्रश्न कमी पडले. ‘अंदाजाने ठोकलं म्हणून मार्क कापले गेले’ असं तो म्हणत असेल तर हिशोब वेगळा निघतो. चार पर्यायांत डोळे मिटून चार प्रश्न ठोकले तर सरासरी एक बरोबर येतो आणि पाऊण मार्क जातो. फायदा नगण्य, पण नुकसान नाही. अडतीस प्रश्न चुकले ते येत नव्हते म्हणून. माझा कयास असा की पोरगा ऑप्शनच्या स्ट्रॅटेजी व्हिडिओंवर बघतो आणि क्लिअरिंग, सेटलमेंट, मार्जिन, हिशोब, कर, नियम ही प्रकरणं कंटाळवाणी म्हणून उलटून जातो. त्याला विचारून बघा.

क्लास लावू नका. परीक्षेची फी दीड हजार आणि वर कर, या घरात आहे. वर्कबुक एनआयएसएमकडूनच मिळतं आणि प्रश्न त्यातूनच येतात. ३८ हजारांत तुम्हाला कोणीतरी तेच वर्कबुक वाचून दाखवणार. ‘पासची गॅरंटी’ म्हणजे नापास झालात तर पुन्हा येऊन बसा, एवढीच असते.

आणि बी.कॉम. बाजूला ठेवायला सांगितलंत ते तर मला अजिबात पटलं नाही. दोन तासांच्या प्रमाणपत्र परीक्षेसाठी तीन वर्षांची पदवी शेवटच्या वळणावर सोडायची? पुढे त्याला सल्लागार किंवा रिसर्च अॅनालिस्ट व्हायचं झालं तर पदवी लागणार आहे. विद्यापीठाची परीक्षा वर्षातून ठरलेल्या वेळी येते. एनआयएसएमची तारीख त्याला हवी तेव्हा घेता येते. थांबवायची असेल तर दुसरी थांबवा.

टी.वाय. झाल्यावर मी सिरीज ८ तिसऱ्यांदा द्यायला सांगणार नाही. त्याला टर्मिनलवर बसायची नोकरी हवी असेल तरच ती द्यावी. आधी सिरीज ५-ए, म्युच्युअल फंड वितरकांची : ५० मार्कांना पास, वजा मार्क नाहीत. पास झाल्यावर अॅम्फी या म्युच्युअल फंडांच्या संघटनेचा एआरएन, म्हणजे वितरकाचा नोंदणी क्रमांक, घ्यायचा. बँकेत किंवा फंडाच्या शाखेत अर्ज करताना तिचा उपयोग होतो. हिशोबात बरा असेल तर सिरीज ७, ब्रोकरच्या बॅक ऑफिसचं काम. तिथे पास ५०ला, पण पाव मार्क वजा आहे. बी.कॉम.च्या पोराला ते काम जमतं, आणि जळगाव-नाशिकला ब्रोकरांच्या शाखा आहेत. पगार सुरुवातीला बेताचा असेल. स्वतंत्र वितरक व्हायचं म्हटलं तर त्याहून धीर लागतो. कमिशन दरवर्षी थोडं थोडं येतं, साधारण शंभराला रुपया किंवा त्याहून कमी. पन्नास घरांची दरमहा दोन-दोन हजारांची एसआयपी लावली तर वर्षाला बारा लाख जमतील आणि पहिल्या वर्षी पोराच्या हातात पेट्रोलपुरतेच पैसे येतील. तरी यात लोकांचे पैसे लोकांच्याच नावावर राहतात. काकांना खरंच पुतण्याकडून काही घ्यायचं असेल तर पहिली एसआयपी त्यांची असू दे, त्यांच्या पॅनवर, त्यांच्या बँकेतून.

कॉलेजात परीक्षा फॉर्मची मुदत उलटून गेली का ते उद्याच बघा. उलटली असेल तर लेट फी भरून फॉर्म घेतात का ते ऑफिसात विचारा, आणि तुम्ही स्वतः त्याच्याबरोबर जा. सिरीज ५-एची तारीख शेवटच्या पेपरनंतर महिन्याभराने घेऊ दे. ती कधी घेतली हे भावकीत कोणाला सांगू नका.