'बाउंड बाय फ्लेम' हा जुना डार्क फँटसी गेम आता घ्यावा का? लोकांची मतं इतकी टोकाची का आहेत?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानावर एक जण या गेमला डोक्यावर घेतो आणि त्याच्याच खाली दुसरा पैसे पाण्यात गेले म्हणून बोंब मारतो. तुमचा लॅपटॉप जुना आहे, 'विचर' या गाजलेल्या फँटसी गेमच्या जातीचं काहीतरी हवंय, आणि ऐरोलीचा तुमचा मित्र म्हणतोय की हात लावू नकोस.

सेलमध्ये असेल तर घ्या. पूर्ण किमतीला घेऊ नका. आणि 'विचर' डोक्यात ठेवून तर मुळीच घेऊ नका, मग दोन्हीकडून पस्तावाल.

आता मतांबद्दल. हा गेम मे २०१४ मध्ये आला. पॅरिसच्या स्पायडर्स या छोट्या स्टुडिओने बनवला, फोकस होम इंटरॅक्टिव्हने बाजारात आणला. पीसी, आणि गेम खेळायची मशीनं म्हणजे प्लेस्टेशन ३ (पीएस३), एक्सबॉक्स ३६० आणि नवाकोरा प्लेस्टेशन ४ (पीएस४) अशा चार ठिकाणी. यातला पीएस४ महत्त्वाचा. आपल्याकडे तो जानेवारी २०१४ मध्ये ३९,९९० रुपयांना आला होता. चाळीस हजार मोजून मशीन घरात आणलं आणि त्यावर खेळायला धड एक मोठा आरपीजी (पात्र घडवत, निर्णय घेत खेळायचा कथेचा गेम) नाही, अशी तेव्हाची अवस्था. 'ड्रॅगन एज: इन्क्विझिशन' यायला नोव्हेंबर उजाडायचा होता, 'विचर ३' तर २०१५ च्या मे महिन्यात आला. मधल्या दुष्काळात तलवार, भुतं, राक्षस, निर्णय घ्यायचे संवाद असं सगळं असलेली डिस्क दिसली की लोक तुटून पडणारच. पडले, आणि घरी जाऊन बघतात तर चेहरे मागच्या पिढीतले, नकाशे बोळासारखे अरुंद. समीक्षकांनीही शंभरात पन्नासच्या आसपास गुण दिले. त्या वेळच्या शिव्या या पूर्ण किमतीच्या शिव्या आहेत.

पुढे हाच गेम सेलमध्ये पडेल भावात मिळायला लागला. ज्यांनी तेव्हा घेतला त्यांना फार अपेक्षाच नव्हत्या, त्यामुळे जे चांगलं आहे ते त्यांच्या नजरेत भरलं. म्हणून मत वाचताना आधी तारीख बघा, मग माणूस किती तास खेळलाय ते बघा. स्टीम दोन्ही दाखवतं. तीन तासांवर सोडलेल्याचं मत आणि शेवट बघून आलेल्याचं मत यात या गेमच्या बाबतीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. बहुतेक गेम्समध्ये तेवढा पडत नाही.

तो का पडतो, ते सांगतो. आम्ही तिघं घणसोलीला एका खोलीत राहायचो, पीएस४ एकच, डिस्क वाशीतून जुनी घेतलेली. तिघांची सेव्ह फाइल वेगळी आणि मतंही वेगळी.

पहिला पार्टनर साताऱ्याचा, त्याला गेममध्ये मोठं हत्यार लागतं. त्याने दोन्ही हातांनी धरायची कुऱ्हाड घेतली. सुरुवातीला एक दलदलीतलं गाव आहे, तिथून बाहेर पडलं की मेलेली माणसं चालून येतात. दोन साधी, मागे एक धिप्पाड. हा कुऱ्हाड उगारतो, ती खाली यायला वेळ लागतो, तेवढ्यात बाजूचं मढं एक टोला हाणतं आणि याचा वार अर्ध्यातच तुटतो. पुन्हा उगारतो, पुन्हा तुटतो. बरोबर घेतलेली साथीदार तोवर जमिनीवर आडवी. ती स्वतःच्या बुद्धीने लढते असं गेमचं म्हणणं आहे, पण ती बुद्धी आम्हाला कधी दिसली नाही. मग धिप्पाड गडी पोचतो आणि विषय संपतो. यानेही तिथेच विषय संपवला. आजही विचारलं तर म्हणतो, तो गेम बकवास आहे. तुमच्या ऐरोलीच्या मित्राचंही तिथेच कुठेतरी अडलं असणार, असा माझा अंदाज.

दुसरा पार्टनर मुळात चिवट. त्याने कुऱ्हाड पाठीला लावली आणि दोन खंजीर काढले. यात लढायच्या दोन पद्धती आहेत, वॉरियर आणि रेंजर. लढता लढता एका बटणावर बदलता येतात. रेंजरमध्ये वाकून दबक्या पावलांनी मागून जाता येतं, वार चुकवून लगेच उलटा हाणता येतो. तो काय करायचा, मढी दिसली की आधी वाटेत सापळे पेरायचा, मग लांबून क्रॉसबोचा एक बाण मारून त्यांना खुन्नस द्यायचा आणि मागे सरकायचा. अर्धी टोळी सापळ्यांतच फुटायची. उरलेल्यांना एकेक करून गाठायचं, त्यातच हत्याराला आगीचा मंत्र लावायचा. तीच जागा, तेच शत्रू, आणि बघायला चक्क मजा यायची. गेमला असंच खेळलेलं हवं असतं, लढाईआधी तयारी करून. फक्त हे तो तुम्हाला नीट शिकवत नाही. शिकवायला हवं होतं, आणि या बाबतीत मी त्याच्या बाजूने अजिबात बोलणार नाही. खेळाडूने आपटून आपटून शिकावं हे 'डार्क सोल्स'सारख्या मुद्दाम अवघड ठेवलेल्या गेमला शोभतं, कारण तिथे प्रत्येक शत्रूचा वार डोळ्यांना स्वच्छ दिसतो. इथे कॅमेराच कधीकधी झाडात शिरतो.

बाकीचे दोष भराभर सांगून टाकतो. उडी नाही, त्यामुळे घोट्याएवढा ओंडका आडवा आला तरी वळसा घालायचा. तेच शत्रू पुन्हा पुन्हा, आणि मारून गेलेल्या वाटेने परत आलात की पुन्हा उभे. बॉसची, म्हणजे एखाद्या मोठ्या मुख्य शत्रूची, लढाई म्हणजे नुसतं तासत बसायचं. ओठ एकीकडे आणि आवाज दुसरीकडे. पात्रांच्या तोंडी शिव्यांचा भडिमार, तोही कॉलेजातल्या पोरांना नवीन सापडल्यासारखा. रोमान्स तर असा की कालपर्यंत धड ओळख नाही आणि आज एकदम गळ्यात गळे. शेवटचा टप्पा घाईत गुंडाळलाय. आणि गंमत म्हणजे सुरुवातीला तुम्ही पात्राचं नाव ठेवता, पण सगळे त्याला 'व्हल्कन'च म्हणतात. ते त्याचं भाडोत्री सैनिकांतलं टोपणनाव. ठेवलेल्या नावाचा पुढे काही उपयोग नाही.

यातले बरेच दोष एकाच मुळातून आलेत. अंथरूण पाहून पाय पसरणं स्पायडर्सला कधी जमलंच नाही. २०१२ मध्ये त्यांनी सायनाइड या दुसऱ्या स्टुडिओबरोबर 'ऑफ ऑर्क्स अँड मेन' केला, २०१३ मध्ये 'मार्स: वॉर लॉग्ज', २०१४ मध्ये हा. तीन वर्षांत तीन आरपीजी, आणि प्रत्येकात साथीदार हवेत, हत्यारं घडवणं हवं, प्रेम हवं, निर्णयांचे परिणाम हवेत, वेगवेगळे शेवट हवेत. मोठा स्टुडिओ एवढ्यासाठी शेकडो माणसं लावतो. यांनी थोड्या माणसांत सगळंच करायला घेतलं, मग प्रत्येक गोष्ट थोडी थोडी अपुरी राहिली. मला स्वतःला हा हावरटपणा आवडतो. पैसे कमी म्हणून एकच लहान, गुळगुळीत, सुरक्षित गोष्ट करणारे बरेच असतात.

आणि एक गोष्ट त्यांनी पुरी केलीय. तिच्यासाठीच मी हा गेम घ्या म्हणतोय.

कथा अशी, की जग जवळपास हरलेलं आहे. सात बर्फाधीश, आइस लॉर्ड्स, मेलेल्यांचं सैन्य घेऊन खाली खाली सरकतायत. आपला नायक (किंवा नायिका, दोन्ही चालतं) फ्रीबॉर्न ब्लेड्स नावाच्या भाडोत्री टोळीतला. रेड स्क्राइब्स नावाचे विद्वान एक विधी करत असतात, त्यांचं रक्षण करायला ही टोळी नेमलेली. विधी फसतो आणि आगीचा एक राक्षस आपल्या अंगात शिरतो. तिथून पुढे तो आतून बोलत राहतो. अडचणीच्या वेळी म्हणतो, मला थोडी जागा दे, मी ताकद देतो. आवळा देऊन कोहळा काढणारा हा गडी आहे हे तुम्हाला पहिल्या भेटीतच कळतं, तरी प्रत्येक वेळी आवळा नेमका हवाहवासा असतो.

परिणाम नुसते संवादात राहत नाहीत. त्याचं ऐकत गेलात तर आगीचे मंत्र बळकट होतात, आणि शरीर बदलायला लागतं. कातडीला भेगा पडतात, आतून निखारा दिसतो, पुढे डोक्याला शिंगं येतात. आमच्या त्या खंजीरवाल्याने कुठून कुठून सामान जमवून एक झकास शिरस्त्राण कमावलं होतं. मग एका लढाईआधी राक्षसाला हो म्हणाला. शिंगं आली. शिरस्त्राण डोक्यात जाईना! इन्व्हेंटरीत, म्हणजे सामानाच्या यादीत, ती जागाच बंद. खोलीत आधी शांतता, मग आम्ही बाकीचे दोघं पोट धरून हसलो, आणि तो मात्र खरोखर चिडला. मला तेव्हाच वाटलं की हे भारी आहे. सैतानाशी सौदा केल्याची किंमत बऱ्याच गेम्समध्ये एका मीटरवरचा आकडा असते. इथे तुमची मेहनतीने मिळवलेली वस्तू हातातून जाते.

मी स्वतः उलटं खेळलो, राक्षसाला शक्यतो नाही म्हणत. अवघड जातं, कारण तो देत असलेली ताकद तुम्हाला खरंच हवी असते. लढाई आधीच निर्दयी आहे ना. म्हणजे ज्या लढाईला लोक नावं ठेवतात, तीच या सौद्यात जीव आणते. लढाई सोपी असती तर राक्षसाकडे कुणी ढुंकूनही बघितलं नसतं. हे स्टुडिओने ठरवून केलं की आपसूक जमलं, देव जाणे.

साथीदारांत मॅथ्रस नावाचा एक म्हातारा आहे, स्वतःच मेलेला. त्याला सोबत फिरवा आणि अधूनमधून त्याच्याशी बोलत राहा. कोरडं, तिरकस बोलतो, आणि या सगळ्या ओरडणाऱ्या मंडळींत तोच काय तो शहाणा वाटतो. एडवेन ही चेटकीण जिभेने तिखट, लढाईत बऱ्यापैकी उपयोगाची. सिबिल जखमा भरते, म्हणून सुरुवातीला तीच बरी. एका वेळी एकच साथीदार नेता येतो. संगीत ओलिव्हिए देरिव्हिएर यांचं आहे. बायकांच्या आवाजातलं ते कोरस ऐकलं की वाटतं, पैसे बहुतेक इथेच खर्च झाले.

तुम्ही घेतलाच तर काही गोष्टी करा. सर्वांत सोप्या पातळीवर सुरू करा. अभिमान वगैरे बाजूला ठेवा, इथे कुणी बघत नाही. कौशल्यं वाढवायला मिळणारे पहिले गुण रेंजर आणि आगीच्या मंत्रांवर घाला. सापळे आणि औषधं बनवायचं सामान विकू नका. नको असलेली हत्यारं मोडून सामान काढता येतं, तेही करत राहा. कीबोर्डवर खेळता येतं, पण कंट्रोलर असेल तर तोच घ्या, वार अडवायची वेळ हाताला लवकर बसते. गावातल्या बारीकसारीक कामांतली जी खोकी शोधून आणायची आहेत ती सोडली तरी चालतील, माणसांशी बोलायची मात्र सोडू नका.

लॅपटॉपचं म्हणाल तर हा गेम पीएस३ वरही चालायचा, त्यामुळे जुन्या ग्राफिक्स कार्डाला फार जड जाऊ नये. तरी स्टोअरच्या पानावरची किमान गरज एकदा ताडून बघा. स्टीमवर खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात. ते दोन तास लॅपटॉप तापतोय का, फ्रेम अडकतात का हे बघायला वापरा. गेम आवडतो की नाही हे त्यात ठरवू नका, कारण तेवढ्यात तुम्ही दलदलीतच मार खात असाल आणि राक्षसाने तोंड उघडून फार वेळ झाला नसेल.

आवडला तर पुढचा याच लोकांचा 'ग्रीडफॉल' बघा, २०१९ चा. तिथे त्यांना पैसा आणि अनुभव दोन्ही जास्त मिळाल्याचं दिसतं, संवाद आणि गटातटांचं राजकारण खूपच सुधारलंय, आणि तुमच्या 'विचर'च्या भुकेला तो जास्त जवळचा आहे. 'द टेक्नोमॅन्सर' हा या दोन्हींच्या मधल्या काळातला, २०१६ चा. मंगळावरचा, म्हणून तो तुमच्या कामाचा नाही. 'स्टीलरायझिंग' २०२२ चा आहे, तो जुन्या लॅपटॉपवर लावायचा प्रयत्नसुद्धा करू नका.