टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक? हिशेब इंजिनाच्या तासांवर करा

प्रश्न: वय ३४, टेक्सासमध्ये एच-१बी व्हिसावर नोकरी. घरखर्च महिना ४,५०० डॉलर, अडीअडचणीसाठी बाजूला ठेवलेले १८,००० डॉलर. बाईकसाठी वेगळे ६,५०० साठवलेत. महिन्यातून दोन रविवार मोटोक्रॉस (मातीच्या उंचसखल ट्रॅकवरची बाईक) चालवायला जातो. नवी २५० सीसी फोर-स्ट्रोक ९,००० डॉलरला, १०.९ टक्क्यांच्या पाच वर्षांच्या कर्जावर मिळतेय. दुसरीकडे २०१८ ची यामाहा वायझेड२५० टू-स्ट्रोक ४,५०० रोख. मित्र म्हणतात, टू-स्ट्रोक पोसायला स्वस्त. खरं आहे का?

उत्तर: अर्धं खरं आहे. दर फेरीला दोन तास इंजिन चालतं असं धरलं, तर वर्षाचे साधारण ५० तास झाले. सगळे आकडे ढोबळ आहेत आणि काम तुम्ही स्वतः कराल असं धरलंय.

टू-स्ट्रोकला वर्षातून एकदा पिस्टन, रिंगा, पिनचं बेअरिंग आणि गॅस्केटं: २०० डॉलर. गिअर ऑइलचे ५०. मित्र विसरतात ते टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये मिसळावं लागणारं तेल. ३२:१ प्रमाणाने गॅलनला ११८ मिली तेल पडतं. तासाला दीड गॅलन जळलं तर वर्षाला नऊ लिटर, म्हणजे दीडशेच्या आसपास. एकूण ४००. फोर-स्ट्रोकला दर पाच तासांनी ऑइल, सोबत फिल्टर, त्याचे सव्वादोनशे. पिस्टन, टायमिंग चेन, गॅस्केटं यांचे साडेतीनशे, वर शिमचे (व्हॉल्व्हची फट जुळवणाऱ्या छोट्या चकत्यांचे) थोडे. एकूण ६००. फरक दोनशे डॉलरचा, आणि तेवढ्यासाठी बाईक ठरवू नये.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते सगळ्यात वाईट दिवशी येणारं बिल. २५० फोर-स्ट्रोक तेरा-चौदा हजार आरपीएमपर्यंत फिरते आणि तिचे व्हॉल्व्ह बहुधा टायटॅनियमचे असतात. एअर फिल्टरमधून बारीक धूळ आत गेली की व्हॉल्व्हवरचा कठीण थर झिजतो, व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल जातो, क्लिअरन्स म्हणजे त्याला लागणारी फट संपते. बाईक सुरू व्हायला कुरकुर करू लागते ती इथूनच. शिम बदलून काही तास ढकलता येतात. पण थोड्याच तासांत दुसऱ्यांदा शिम लागला, तर व्हॉल्व्हच बदलायचा. तसंच चालवत राहिलात आणि व्हॉल्व्ह तुटून पिस्टनवर पडला, तर हेड, सिलिंडर, कधी क्रँकही (पिस्टनला जोडलेला फिरता दांडा) जातो: २,५०० ते ३,५०० डॉलर. टू-स्ट्रोक सीझ झाली, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये अडकला, तर सिलिंडरला नवं प्लेटिंग आणि पिस्टन, पाच-सहाशेत भागतं. क्रँक गेला तर आणखी तितकेच. टू-स्ट्रोकचा पिस्टन बदलायचं काम टॉर्क रेंच आणि सर्क्लिपची पक्कड घेऊन गॅरेजमध्ये एका संध्याकाळी होतं. फोर-स्ट्रोकचं टायमिंग (व्हॉल्व्ह कधी उघडायचे याचा मेळ) बसवताना मोठी चूक झाली तर व्हॉल्व्ह वाकतात.

आता कर्ज. हप्ता १९५ डॉलर, पाच वर्षांत ११,७०० भराल, त्यातले २,७०० व्याज. नोकरी गेली तर नवी नोकरी शोधायला किंवा देश सोडायला व्हिसावर तुमच्या हातात जास्तीत जास्त ६० दिवस. त्या काळात वापरलेली बाईक घाईने, पडेल भावात विकावी लागेल आणि कर्ज त्याहून जास्त उरलेलं असेल. १८,००० म्हणजे तुमचा चार महिन्यांचा खर्च. तुमच्या परिस्थितीत मी सहा महिने सांगेन, म्हणून कर्जाला माझा स्पष्ट नकार. उलट वायझेड२५० ची फ्रेम आणि इंजिन २००६ ते २०२१ जवळपास तेच राहिले, त्यामुळे सुटे भाग मुबलक मिळतात आणि जुन्या गाडीचा भाव टिकतो.

तेव्हा वायझेड घ्या, पण एका अटीवर: आधी कुणाची तरी दिवसभर चालवून पाहा. तिची ताकद एकदम येते, फोर-स्ट्रोकसारखी सलग नाही, आणि सेल्फ स्टार्टही नाही. दमलेल्या हातांनी ती सावरत नसेल तर घेऊ नका. इमर्जन्सी रूमचं एक बिल कित्येक वर्षांची बचत खाईल.

बघायला जाल तेव्हा इंजिन थंड असताना सुरू करून दाखवायला सांगा. एक्झॉस्ट पाइप उतरवून सिलिंडरच्या धूर सोडणाऱ्या भोकातून पिस्टनवर उभे ओरखडे दिसतात का ते पाहा. गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर आणि गिअर ऑइल कमी होत असेल, तर क्लचच्या बाजूचं क्रँक सील गेलंय. डावीकडचं सील गेलं तर धूर दिसत नाही, हवा आत ओढली जाऊन मिश्रणात पेट्रोल आणि तेल कमी पडतं आणि पिस्टन चिकटतो; म्हणून लीक टेस्ट (इंजिनात हवेचा दाब भरून गळती तपासणं) करूनच पैसे द्या. विकणाऱ्याने शेवटचा पिस्टन किती तासांपूर्वी टाकला हे नीट सांगितलं नाही, तर ५०० डॉलर कमी करून मागा आणि पहिल्याच आठवड्यात पिस्टन, दोन्ही सीलं आणि रीड (इंजिनात मिश्रण सोडणाऱ्या पातळ पट्ट्या) बदला. उरलेल्या पैशांतून हेल्मेट, बूट आणि नी ब्रेस (गुडघ्याचा आधार).

आरोग्य विम्यात वर्षाला खिशातून जास्तीत जास्त किती भरावं लागेल, तो आकडा बघून तेवढी रक्कम वेगळी ठेवा. भारतात टर्म विमा घेतला असेल तर अर्जातला धोकादायक छंदांचा प्रश्न काढून वाचा, आणि शर्यतीत नाव नोंदवण्याआधी कंपनीला लेखी विचारा.